धुऱ्यावरची तपासणी

“काका, तुमचा दंड घेऊन मी काय करू जी?”

धनीरामने सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली होती, ती त्याने खाली केली नाही. उपकेंद्रातल्या लोखंडी खुर्चीत तो आणखी ऐसपैस बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “लिहून टाका ना कायतरी. तिचा नवराच होय ना मी? एकाच गंजातलं खातो दोघंबी. माहं जेवढं बीपी निघन तेवढंच तिचं.”

“मावशी कोठी हाय?”

“रोवण्याले गेली, धान लावाले. अंधारात जाते, अंधारात येते. तिले कोठं टाइम हाय इथं याले?”

चंद्रकांताने बीपीचा पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला. आधी ती या गावात नुसती सुई टोचणारी नर्स होती. पुढे नोकरी सांभाळून शिकली, परीक्षा दिली, आणि आता बीपी-शुगरच्या गोळ्या ती स्वतः द्यायची. कुणाची गोळी चालू ठेवायची, कुणाचं रक्त तपासायचं, कुणाला पुढे पाठवायचं, हे तिनेच बघायचं. नवी गोळी लावायची असली की आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन करायचा. गाव मात्र तिला अजून शिस्टरच म्हणायचं आणि गोळ्यांकडे रेशनच्या तांदळासारखं बघायचं. आपल्या नावाचं आलंय तर सोडायचं कशाला? घरातला जो कुणी मोकळा असेल तो पिशवी घेऊन हजर व्हायचा.

त्यावर चंद्रकांताचा नियम एकच. गोळी ज्याच्या पोटात जाणार, त्याचा दंड तिच्या पट्ट्यात आला पाहिजे. या नियमापायी तिने सरपंचाच्या सासूलासुद्धा हात हलवत परत पाठवलं होतं. गावाने तिचं नाव खवट शिस्टर ठेवलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

“पिशवीत काय हाय, दाखवा.”

धनीरामने पिशवी टेबलावर उपडी केली. त्याच्या बायकोला, रेवताबाईला, रोज दोन गोळ्या होत्या. एका गोळीची पाकिटं रिकामी होती. दुसरीची मात्र जशीच्या तशी भरलेली, या महिन्याची, मागच्या महिन्याची, त्याच्याही मागची.

“ह्या काहून खात नाही मावशी?”

आता धनीरामने बाही खाली केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. “थे बायामाणसाचं होय. मी कसा सांगू? तुमीच विचारा तिले.”

न खाल्लेली गोळी कोणती, हे चंद्रकांताने पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती लघवीवाटे अंगातलं जास्तीचं मीठ-पाणी काढून टाकणारी गोळी होती. ती घेतली की माणसाला वरचेवर उठावं लागतं. घरात बसणाऱ्याला त्याचं काही नाही. पण धानाच्या उघड्या बांधीत, गुडघाभर चिखलात, दिवसभर ओळीत वाकलेल्या बाईने उठून जायचं कुठे? चंद्रकांता ढीवराच्या, मासे धरणाऱ्या घरची. तिची आई तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जाळं ओढायची, आणि काम आटपेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. हे आपल्याला गोळी हातात देतानाच सुचू नये? चंद्रकांताला आधी स्वतःचा राग आला, मग सगळ्याच जगाचा.

आशा सेविका नीतूला केंद्रात बसवून तिने सामानाची पेटी स्कूटीला अडकवली आणि बांध्यांच्या रस्त्याला लागली.

भय्याजीची बांधी कालव्याच्या अंगाला होती. गावातली सगळ्यात मोठी. बाया ओळीने वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकचे कागद, आणि मधोमध रेवताबाई. ती टोळीची म्होरकी. कुणाची बांधी कधी धरायची, कुठल्या बाईने कुठल्या कडेला राहायचं, गाणं कुणी उचलायचं, सगळं तिच्या शब्दावर चालायचं. तिच्या हातातली धानाच्या रोपांची पेंडी संपताना दिसायची. बोटं चिखलात कधी गेली आणि कधी आली ते मात्र कळायचं नाही.

“मावशी, बाहेर ये.”

“आज नाही.” रेवताबाईने मान वर केली नाही. “रोवणा उरकू दे. मंग तुह्या दवाखान्यात चटई टाकून झोपते.”

“दवाखानाच आणला ना मी. तू नुसती धुऱ्यावर ये.”

“नाही येत, जा.”

चंद्रकांताने चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि सरळ चिखलात उतरली. बायांनी एकच गिल्ला केला. “शिस्टर आली वं रोवाले! पेंडी दे तिले, पेंडी!” दोनदा तिचा तोल गेला, पण ती पडली नाही. ओळीपर्यंत पोचून तिने रेवताबाईचं मनगट धरलं आणि म्हणाली, “चाल.”

रेवताबाईला असं मनगटाला धरणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. रागाने म्हणा की नवलाने म्हणा, ती निघाली.

बांधीच्या कडेच्या उंच धुऱ्यावर बसवून चंद्रकांताने तिच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशेनव्वदच्या पुढे गेला. थोडं थांबून तिने पुन्हा मोजलं, तरी तेच. नडगीवरचा चिखल पुसून तिने अंगठा दाबला, तर मांसात खड्डा पडला आणि तसाच राहिला.

“दुसरी गोळी काहून बंद केली?”

धुऱ्यावरून दोन गडी पऱ्ह्याचे, म्हणजे कोवळ्या रोपांचे, भारे आणत होते. ते पुढे जाईपर्यंत रेवताबाई गप्प राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, “थे खाल्ली का घडीघडी जावं लागते. कोठी जाऊ? इकडं गडी, तिकडं सडक. आडोश्याले एक झुडूप त हाय का? ओळीतून एक बाई उठली का अख्खी ओळ थांबते, अन् हे मुडदे दात काढतेत. आमी त पाणीच पीत नाही. सकाळी चूळ भरायची, मंग घरी गेल्यावरच.”

“दिवसभर?”

“सगळ्याच वं. मी एकलीच हाव का?”

ओळीतली रुखमा खुदकन हसली आणि हसता हसता तिने आपल्या ओठांची कोरडी सालपटं जिभेने चाटली. चंद्रकांताला हसू आलं नाही.

तेवढ्यात भय्याजीची मोटरसायकल आली. पांढरेशुभ्र कपडे, हँडलला चहाची किटली. एकेकाळी निवडून आलेला माणूस, अजूनही चालणं तसंच. त्याने चहा ओतायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हाताने सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. बायांनी चिखलाचा हात मागे नेऊन स्वच्छ तळवा पुढे केला, देवळात प्रसाद घेतात तसा. एकेक गोळी पडत गेली. रेवताबाईनेही धुऱ्यावर बसल्या बसल्या तळवा पुढे केला.

चंद्रकांताने तो तळवा आपल्या हाताने झाकला.

“कायची गोळी होय हे, भय्याजी?”

“कंबरदुखीची. दोन टाइम देतो. सकाळच्या चहासंगं अन् दुपारच्या. मस्त काम करतेत बाया.”

“रोज?”

“रोवणा सुरू झाल्यापासून.”

चंद्रकांताने पाकीट हातात घेऊन नाव वाचलं. मग ती बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलू लागली. “ह्या गोळीनं दुखणं मरते, खरं हाय. पण अंगात पाणी नाही, वरून बीपीची गोळी पोटात, अन् त्याच्यावर रोज दोन टाइम हे. मंग किडनीचं रक्त आटते. दुखत नाही, खुपत नाही, अन् किडनी बसते. ह्यानं बीपीबी चढते. मावशीचं आत्ता किती हाय ते पाह्यलं मी.”

“सिस्टरबाई, मी काय जहर वाटून राहिलो का?” भय्याजीला मनापासून लागलं होतं. “कंबरा दुखतेत बायाच्या. मी आपल्या खुशीनं आणतो. दुसरा मालक विचारते तरी का?”

हे खोटं नव्हतं. दुसरे मालक चहासुद्धा पाजत नसत. बाया भय्याजीच्या बांधीवर हसत यायच्या, त्याला कारण हीच किटली आणि हाच खिसा. म्हणून तर चंद्रकांताला बोलणं जड गेलं, पण ती बोलली.

“तुमच्या मनात खोट नाही, भय्याजी. गोळीत हाय. कंबर दुखली त माह्याकडं साधी गोळी हाय, तापाची असते ना, थे. थे चालते.”

“त्यानं डासबी मरत नाही,” रेवताबाई मधेच म्हणाली.

“अन् रोवणा कोण करन?” भय्याजीचा आवाज चढला. “पऱ्हे पिवळे पडून राहिले. तुमी करता का? बांधी माही हाय, बाई. इथं तुमची ड्युटी नाही.”

“पेशंट माही होय. थे जेथं उभी राहीन तेथं माही ड्युटी.”

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर तरुण होते, पण ऐकून घेणारे होते. कोणत्या गोळ्या, किती दिवस, पाणी किती, एवढं विचारून ते म्हणाले, “दुखण्याची गोळी आत्ताच्या आत्ता बंद करा. ती जी बीपीची गोळी घेतायत, तीसुद्धा रिपोर्ट येईपर्यंत थांबवा. तुमच्या साठ्यातली वेगळी एक सुरू करा, किडनीला सोपी असलेली. भरपूर पाणी पाजा. आणि सिस्टर, रक्त आजच पाठवा, उद्यावर टाकू नका.”

चंद्रकांताने पेटीतून सुई काढली.

“माह्या बांधीत रक्त काढता?” भय्याजीने कानावर हात ठेवले. “रोवण्याच्या दिवसात? काही रीतभात हाय का नाही?”

रेवताबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि आपणहून हात लांब केला. “काढ वं. माही पोरगी याच धुऱ्यावर झाली होती. तवा नाही बाटली याची बांधी.”

भय्याजी किटली घेऊन निघून गेला. रक्त देऊन, तांब्याभर पाणी पिऊन रेवताबाई पुन्हा ओळीत जाऊन वाकली. त्या दिवशी तिला थांबवणं काही चंद्रकांताच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. किडनीचा जो आकडा एकाच्या खाली असावा तो अडीचवर गेला होता. डॉक्टरांनी सरळ भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. चंद्रकांता गाडी घेऊन दारात उभी राहिली, तर रेवताबाई निवांतपणे भांडी घासत होती. “रोवणा अर्धा टाकून मी जात नाही. मेली त मेली.” धनीराम नुसता या पायावरून त्या पायावर होत होता. शेवटी चंद्रकांताने राखेचा काथ्या तिच्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाली, “मरणार असतीस त मी आली नसती. रक्त धुवाच्या मशीनवर पडून राहशीन, हप्त्यातून दोनदा सुया टोचून. चालन तुले?” रेवताबाईने हात धुतले.

दवाखान्यात पंधरवडा गेला. आकडा उतरला, पण पहिल्या जागेवर गेला नाही. “जेवढी किडनी गेली तेवढी गेली,” डॉक्टरांनी सांगितलं. “उरलेली सांभाळा.” उन्हात राबणं बंद, दिवसदिवस उपाशी-तहानलेलं राहणं बंद, दुखण्याची गोळी तर जन्माची बंद. थोडक्यात, रोवणा बंद.

रेवताबाई घरी आली आणि तिने चंद्रकांताशी अबोला धरला. चंद्रकांता तपासायला गेली की ती दंड पुढे करायची आणि तोंड भिंतीकडे. एकदाच बोलली. “कायले वाचवलं वं मले? घरी बसून ह्या धनीरामचं थोबाड पाहाले?” ते हसण्यासारखं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाहेरून टोळीचं गाणं ऐकू यायचं. म्होरकीच्या जागी आता रुखमा होती. तिचा आवाज चढत्या ठिकाणी फाटायचा, आणि तो फाटला की रेवताबाई अंथरुणात कूस बदलायची.

चंद्रकांताने मात्र आता रोज सकाळी बांध्या धरल्या. पाण्याची कॅन, साध्या गोळ्या आणि पट्टा. जी बाई बीपीच्या गोळीवर होती तिचा दंड ती धुऱ्यावर मोजायची, आणि मोजायच्या आधी तांब्याभर पाणी पाजायची. एका मालकाने तिला धुऱ्यावरून हुसकलं, तर ती सडकेच्या कडेला बसली. बाया चालत तिच्यापर्यंत आल्या. लवकरच तक्रार गेली. शिस्टर दवाखान्यात नसते, बायांना भडकवते, ऐन रोवण्यात कामं बंद पाडते. वरच्या एका साहेबांचा फोन आला.

“मॅडम, तुम्ही केंद्रात बसत जा. शेतात कशाला फिरता? उगाच लोक नाराज होतात.”

“साहेब, बाया केंद्रात येत नाहीत, म्हणून केंद्र त्यांच्याकडे नेते,” चंद्रकांता म्हणाली. “तुम्ही मनाई करत असाल तर तसं सांगा. मी उद्या धुऱ्यावर जाऊन बायांना तुमचं नाव घेऊन सांगते, की आता येणार नाही, साहेबांनी नको म्हटलं.”

“नाव कशाला घेता,” साहेब घाईने म्हणाले, “बघा बुवा तुमचं तुम्ही,” आणि फोन ठेवला. नोकरी चंद्रकांतालाही प्यारी होती. पण दुसऱ्या दिवशी ती गेलीच.

रोवणा सरत आला. शेवटचा तुकडा भय्याजीचाच उरला होता. या भागात शेवटच्या दिवशी बायांचं राज्य असतं. शेवटची पेंडी रोवली की टोळीच्या म्होरकीने मालकाला चिखल फासायचा आणि मागायचं. ती मागेल ते कबूल केल्याशिवाय मालकाला बांधीवरून जाता येत नाही. गेला तर पुढच्या वर्षी त्याच्या चिखलात कुणी पाय ठेवत नाही. मागणंही ठरलेलं असतं. लुगडं, बोकडाचं जेवण, लाडू. मालक थोडे आढेवेढे घेतो, बाया थोडा आरडाओरडा करतात आणि सगळे हसत घरी जातात.

ऊन उतरल्यावर रेवताबाई आली. धुतलेलं लुगडं, स्वच्छ पाय, आणि डोक्यावर छत्री धरलेला धनीराम. ती धुऱ्यावर बसली. चंद्रकांता तिथे होतीच. तिने विचारलं नाही, दंडाला पट्टा बांधला. आकडा ठीक होता. रेवताबाईने या वेळी तोंड फिरवलं नाही. ती ओळीकडे बघत होती. “कड वाकडी चालली हाय,” ती पुटपुटली. मग न राहवून ओरडली, “अवं रुखमे! डोळे फुटले का? डावीकडं घे!” ओळ मुकाट्याने डावीकडे सरकली.

शेवटची पेंडी संपली. रुखमाने चिखलाची ओंजळ भरली आणि हसत भय्याजीकडे निघाली. तोही गाल पुढे करून धुऱ्यावर उभा होता.

“थांब वं,” रेवताबाई म्हणाली. “म्होरकी मी हाव.”

रुखमा गोंधळली, मग ओंजळ घेऊन तिच्याकडे आली. “हे घे ना मावशी. इथूनच फास.”

“तुह्या हातचा नाही पाह्यजे.”

ती उठली. धनीराम छत्री टाकून आडवा आला. “अवं, डॉक्टरनं मना केलं ना!” सगळ्यांनी चंद्रकांताकडे पाहिलं. नियम तिचे, शब्द तिचा, आणि तो चिखल नको म्हणून तीच घसा कोरडा करत आली होती.

“जाऊ द्या,” चंद्रकांता म्हणाली.

रेवताबाई धुतलेल्या लुगड्यासकट चिखलात उतरली. गुडघ्यापर्यंत रुतली. एक हात कमरेवर ठेवून ती हळू वाकली, मूठ भरून घेतली आणि तिथेच उभी राहिली.

“भय्याजी, इकडं या.”

“मी? चिखलात?” तो पांढऱ्या पायजम्याकडे बघत हसला. “बरं, मांग अगोदर. बोकड ना?”

“बोकड तुमीच खा. आमाले कनात पाह्यजे. पुढच्या वर्षीपासून दर बांधीच्या कोपऱ्यात, आडोश्याले. प्यायच्या पाण्याची कॅन पाह्यजे. अन् थे खिशातलं बाहेर काढा.”

“हे काय मागणं होय?” भय्याजीचं हसू गेलं. “कोणी असं मांगते का कधी?”

“मी मांगून राहिली.”

“कनात देतो, चाल. पाणीबी देतो. गोळीचं पाहू.”

“पाहू नाही.”

तिने आवाज चढवला नाही. चढवायची गरजही नव्हती, कारण तिच्या मागे ओळीतली एकही बाई चिखलातून बाहेर आली नव्हती. रुखमाच्या ओंजळीतून पाणी गळून गेलं, तरी तिने ओंजळ सोडली नाही. भय्याजीने एकदा सडकेकडे पाहिलं, एकदा बायांकडे, आणि मग चंद्रकांताकडे अशा नजरेने पाहिलं की हे सगळं तुमचं काम. चंद्रकांताने नजर खाली केली नाही. तिचं काम त्यात होतंच.

त्याने खिशातून पाकीट काढून तिच्या पेटीवर टाकलं. मग चपला काढल्या आणि कुरकुरत चिखलात उतरला. रेवताबाईने त्याच्या दोन्ही गालांना, कपाळाला, मानेला सावकाश, अगदी मन लावून चिखल फासला. बाया ओरडल्या, नाचल्या, धनीरामसुद्धा हसला.

परत फिरताना मात्र रेवताबाईचा पाय निघेना. सुजलेला पाय घट्ट रुतला होता आणि अंगात आता पूर्वीचा जोर नव्हता. रुखमाने हात पुढे केला, तो तिने झटकला. धनीरामचाही झटकला. ती वाकली, दोन्ही हातांनी आपली पोटरी धरली आणि ओढू लागली. गलका थांबला. चिखलाने माखलेला भय्याजी जागच्या जागी उभा राहिला, मागे बायांची ओळ उभी राहिली, आणि चंद्रकांताने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. रेवताबाईचा पाय निघेपर्यंत तिथून कुणीही हललं नाही.